शोध लागणे आणि शोध पोहोचणे

बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढे तीनच वर्षांत, १८५६ साली, लोहमार्ग खोपोलीपर्यंत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या हद्दीत आला. याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात महाडनजीक वीर नावाचे गाव आहे. तेथे गाडी आली ती १९९३ साली, कोकण रेल्वेच्या रोहा ते वीर या ४७ किलोमीटरांच्या टप्प्यावरून. खोपोली आणि वीर यांमधील अंतर मोटारीने काही तासांचे. ते ओलांडण्यास आगगाडीला १३७ वर्षे लागली. ती वीरला आली तेव्हा वाफेचा जमाना मावळला होता आणि गाडीला डिझेलचे इंजिन होते. ज्या शोधाने जगाचा कायापालट केला असे सांगितले जाते, तो शोध सावित्रीच्या खोऱ्यात येईपर्यंत म्हातारा होऊन निवृत्तही झाला होता!

शोधांचा इतिहास सांगण्याची रूढ पद्धत मात्र निराळी आहे. चाक, लोखंड, शीड, कागद, बंदुकीची दारू, मुद्रण अशी नावे एकाखाली एक लिहावयाची, समोर शतके मांडावयाची, आणि प्रत्येक शोधाने समाजाला एक पायरी वर चढविले असे सांगून मोकळे व्हावयाचे. परीक्षेच्या दृष्टीने ही यादी सोयीची आहे. तथापि तिने विद्यार्थ्याचा असा ग्रह होतो की, शोध लागला की समाज बदलतो. वस्तुतः प्रत्येक शोधाला दोन जन्मतिथी असतात. एक तो लागल्याची, दुसरी तो विशिष्ट माणसांच्या हाती पोहोचल्याची. या दोहोंमधील काळात काय घडले, कोणी अडविले आणि कोणी वाट दिली, हाच समाजाच्या इतिहासाचा खरा भाग होय. ही गोष्ट पडताळून पाहावयास महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके पुरेसे आहेत. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड, दासगाव असे करीत बाणकोटला समुद्राला मिळणाऱ्या सावित्रीच्या काठी प्राचीन काळापासून मध्ययुगापर्यंतचे बहुतेक मोठे शोध केव्हा ना केव्हा येऊन गेलेले आहेत.

महाडच्या उत्तरेस गंधारपाले गावाच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. त्यांतील एका लेण्यात कुमार काणभोज विष्णुपालित याचा ब्राह्मी लिपीतील दानलेख आहे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. काळ्या कठीण पाषाणात असे दालन खोदावयाचे तर पोलादी धार दिलेली छिन्नी हवी. लोखंड महाराष्ट्राला त्या काळी नवे नव्हते. विदर्भातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे आणि ती इसवी सनापूर्वी सुमारे सातशे वर्षांची धरली जाते. सह्याद्रीतील सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाहून फार मागे जात नाहीत. म्हणजे लोखंड होते, डोंगर होता, माणसे होती; तरी मध्ये पाचशे वर्षे गेली. हत्यार तयार होते, पण त्याला काम सांगणारा समाज तयार व्हावयाचा होता. तो झाला तेव्हा एका बाजूस वर्षाकाळी एका जागी राहणारा भिक्षुसंघ होता आणि दुसऱ्या बाजूस गाठीला पैसा असलेला व्यापारी. गंधारपाल्यापासून जवळच असलेल्या कुडे येथील लेण्यांत माळी, वैद्य यांच्या दानांचे लेख आहेत. तेथेच कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानेही लेणे दिल्याची नोंद आहे. घाट उतरून कऱ्हाडचा लोहवाणी कोकणात दान करतो, यावरून त्या धातूची उलाढाल कुठवर होती याचा अंदाज यावा.

या लेण्यांतील मूर्ती आणि स्तूप पाहणाऱ्याचे लक्ष बहुधा दाराशी असलेल्या टाक्यांकडे जात नाही. शिलालेखांतील प्राकृतात टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. महाडला चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो, आणि फाल्गुन सरत नाही तोच डोंगरावरचे झरे आटतात. ज्या प्रदेशात पाणी वाहून जाते त्या प्रदेशात पाणी धरून ठेवणे हा मोठाच शोध होय. खडकावरून वाहणारे पाणी उथळ पन्हळीने आणावयाचे, तोंड लहान आणि पोट मोठे असे टाके कोरावयाचे, जेणेकरून ऊन आत जाणार नाही व पाणी उडून जाणार नाही. भेग नसलेला खडक निवडावयाचा, म्हणजे गळतीही नाही. या विद्येला ग्रंथ नव्हता, पण ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली. पुढे सह्याद्रीचा एकूण एक किल्ला याच विद्येवर उभा राहिला. रायगडावर हिरोजी इंदुलकराने जगदीश्वराच्या देवळाजवळ शिलालेख कोरविला. त्यात गडावरील वाड्यांबरोबर विहिरी आणि तलावांचाही उल्लेख आहे. बांधणाऱ्याला त्यांचे महत्त्व ठाऊक होते. पाणी नसलेला किल्ला महिनाभरही लढत नाही.

दानलेखांचा आणखी एक धडा आहे, आणि तो कारकुनी पेशाच्या वाचकास विशेष रुचावा. गंधारपाल्याच्या दुसऱ्या एका लेखात लेण्याच्या व्यवस्थेसाठी शेत दिल्याची नोंद आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात तर तीन हजार कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या श्रेणींकडे ठेवल्याचे कोरलेले आहे. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असे व्याज, आणि मुद्दल मोडावयाचे नाही. ठेवीची कल्पना, तिच्यावरील व्याज आणि ते फेडणारी कारागिरांची संस्था, हे चाकाहून वा छिन्नीहून लहान शोध नव्हेत. विणकरांच्या श्रेणीवर राजाचा जावई विश्वासाने पैसे ठेवतो, यात त्या काळच्या कारागिराची प्रतिष्ठाही दिसते. ही प्रतिष्ठा पुढे का राहिली नाही, याकडे वळण्यापूर्वी समुद्राकडे पाहिले पाहिजे. कारण दान करणाऱ्यांच्या गाठीचा पैसा बव्हंशी तिकडूनच आला.

अरबी समुद्रावर वाऱ्याची दिशा वर्षातून दोनदा पालटते हे ध्यानात घेऊन तटाचा आधार सोडून सरळ समुद्र ओलांडण्याचे श्रेय ग्रीकांनी हिप्पालस नावाच्या खलाशाला दिले आहे. या किनाऱ्यावरील कोळी-भंडाऱ्यांच्या पूर्वजांना वारे कळत नव्हते असे समजण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे लेखणी असते त्याच्या नावावर शोध चढतो, एवढाच त्याचा अर्थ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत चौलच्या दक्षिणेकडील बंदरांच्या यादीत पालैपत्मै असे एक नाव येते, आणि ते महाडजवळचे पाले असावे असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते खरे असो वा नसो, सावित्रीच्या खाडीतून भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते, मोठी गलबते दासगावला थांबत आणि लहान पडाव भरतीबरोबर महाडला लागत, हे अगदी अलीकडील काळापर्यंत चालत आलेले वास्तव आहे. समुद्रापासून इतके आत असलेले हे गाव बंदर झाले ते या भरतीमुळे, आणि बाजारपेठ झाले ते डोक्यावरच्या घाटांमुळे.

घाटांचा विषय निघाला की चाकाचे काय झाले हे विचारणे अगत्याचे ठरते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला एक धातूचा रथ सापडला. तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे महाराष्ट्राला चाक ठाऊक होऊन चार सहस्रके होत आली. असे असता वरंधा, शेवत्या, मढे, पार या घाटांनी महाडचे मीठ, सुके मासे आणि नारळ वर गेले आणि देशावरचे धान्य व गूळ खाली आला तो एकोणिसाव्या शतकापर्यंत बैलाच्या पाठीवरून, गाडीतून नव्हे. डांबराची गोष्ट सोडा, पण गाडीच्या दोन चाकांपुरती सपाट वाटही डोंगरात कोणी काढली नव्हती. चाकाचा शोध म्हणजे निम्मा शोध. उरलेला निम्मा म्हणजे रस्ता, आणि रस्ता हे एका कारागिराचे काम नसून राज्यसत्तेचे काम आहे. बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० साली. महाबळेश्वर ते पोलादपूर हा अंबेनळीचा रस्ता, ज्याला इंग्रज फिट्झेराल्ड घाट म्हणत, तयार झाला तो त्याच शतकाच्या उत्तरार्धात.

पूर्वीच्या राजवटींना रस्ते बांधता येत नव्हते, असे मात्र नव्हे. ज्यांनी रायगड उभारला त्यांना पारघाटाचे चार चढ कमी करणे अवघड नव्हते. परंतु अवघड घाट हेच त्यांचे संरक्षण होते. १६५९ साली अफजलखानाची फौज रडतोंडीच्या घाटाने पारला उतरली, तेव्हा त्या वाटेचे नावच तिचे वर्णन होते. हत्ती, तोफा आणि सामान यांसह जावळीच्या रानात अडकलेल्या फौजेची जी गत झाली ती होण्यात रस्ता नसण्याचा वाटा थोडा नव्हता. चाक नाकारणे हा अज्ञानाचा नव्हे, तर शहाणपणाचा निर्णय असू शकतो. मात्र त्याची किंमत दिली ती घाटाखालच्या शेतकऱ्याने आणि तांड्याच्या व्यापाऱ्याने. पावसाचे चार महिने वाटा बंद, आणि बैलाच्या पाठीवर मावेल तेवढाच व्यापार.

मध्ययुगात आलेला सर्वांत प्रभावी शोध कोणता, असे विचारले तर पुष्कळजण तोफेचे नाव घेतील. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा मान कागदाला द्यावा लागेल. चौदाव्या शतकात तुघलकाने राजधानी दौलताबादला हलविल्यापासून तेथील कागजीपुऱ्याचा आणि पुढे जुन्नरचा कागद दख्खनच्या दफ्तरांत स्थिरावला. त्यापूर्वी राजाज्ञा दगडावर वा तांब्यावर कोरली जाई. त्यामुळे ती क्वचित काढली जाई आणि कायमची असे. कागदाने आज्ञा स्वस्त केली. रोजचे पत्र, रोजचा जमाखर्च, रोजची चौकशी शक्य झाली. मोडी लिपीचे जनकत्व परंपरा यादवांचा प्रधान हेमाडपंत याला देते. त्या परंपरेविषयी मतभेद आहेत. पण हात न उचलता बोरूने भराभर लिहावयाची लिपी कागदाच्या राज्यातच वाढू शकते, याविषयी मतभेद असू नये.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्या राज्याचा कणा तलवारीइतकाच या दफ्तराचा होता. अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली झालेल्या जमीनमोजणीत पाच हात पाच मुठी लांबीची काठी प्रमाण धरली. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेस व दोन सरकारास, असे सभासद बखर सांगते. काठी ही काही अवघड यंत्रसामग्री नव्हे. कोणत्याही रानातून ती तोडून आणता येते. परंतु सर्वत्र एकाच लांबीची काठी, आणि तिने मोजलेल्या जमिनीची नोंद गडावरच्या दफ्तरात, ही जोडी झाली की देशमुख आणि खोत यांच्या तोंडी सांगण्याला आव्हान मिळते. शेतकऱ्याचे देणे किती हे खोताच्या मर्जीवर नव्हे, तर लिहिलेल्या आकड्यावर ठरू लागते. निदान तसा हेतू तरी होता. लिहिता येणारे थोडेच असल्याने कागद शेवटी कुलकर्ण्याच्या आणि देशपांड्याच्या घरातच राहिला, आणि ज्या कागदाने वतनदाराला वेसण घालावयाची त्याच कागदाने पुढे त्याचे वतन पिढीजात आणि पक्के केले, हेही तितकेच खरे.

थोड्यांच्याच हाती असलेल्या या अक्षराला मुद्रणाने मोकळे केले असते. मुद्रणयंत्र काही फार दूर नव्हते. गोव्यात ते १५५६ सालीच आले होते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. भाषा मराठी आणि अक्षरे रोमन, कारण देवनागरीचे खिळे कोणी ओतले नव्हते. खिळ्यांत छापलेली देवनागरी मराठी दिसली ती १८०५ साली कॅरेच्या व्याकरणात, आणि तीही बंगालमधील श्रीरामपूरला! गोव्यापासून महाराष्ट्रात येण्यास मुद्रणाने अशा रीतीने अडीचशे वर्षे आणि बंगालचा वळसा घेतला. धातू ओतणारे तांबट-सोनार गावोगाव होते. उणीव होती ती पुस्तक मागणाऱ्या वाचकांची. पोथी नकलून घेणारा वर्ग लहान होता आणि त्याची गरज लेखकूकडून भागत होती. अक्षर अधिक लोकांपर्यंत न्यावे असे त्या वर्गाला वाटण्याचे कारण नव्हते.

तोफेची कथा थोडक्यात आटोपणे शक्य आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली; ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी, म्हणजे तुर्की परंपरेतला कारागीर. पुढेही तोफा ओतण्याची विद्या बहुधा परक्यांच्या वा पगारी कारागिरांच्या हाती राहिली, आणि मराठ्यांना त्या पोर्तुगीज, इंग्रज, फ्रेंच यांच्याकडून विकत घ्याव्या लागल्या. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफांनी पोटल्याच्या डोंगरावरून रायगडावर मारा केला, वाड्यांना आग लागली आणि १० मे रोजी गड पडला. लाकूडकाम जळाले. जोती आणि पाण्याची टाकी राहिली.

श्रेणींच्या काळातील कारागिराची प्रतिष्ठा पुढे का टिकली नाही, हा प्रश्न वर येऊन गेला. त्याच्या उत्तराचा मोठा भाग बलुतेदारीत आहे. देशावर ती जितकी घट्ट होती तितकी कोकणात नव्हती; पण तत्त्व एकच. लोहार, सुतार, कुंभार यांना सुगीला धान्याचा ठरलेला वाटा मिळे आणि त्याबदल्यात गावाची कामे करावी लागत. दुष्काळात या व्यवस्थेने कारागिराला जगविले, हे नाकारता येणार नाही. परंतु जो लोहार नांगराचा फाळ अधिक चांगला करील त्याला अधिक पायली मिळत नसे, आणि जो लोहाराच्या घरी जन्मला नाही त्याला भात्याजवळ जाता येत नसे. दुसऱ्या शतकातील विणकरांची श्रेणी राजघराण्याकडून ठेव घेऊन दरमहा व्याज फेडीत होती. मध्ययुगीन लोहाराच्या हाती सुगीचा वाटा होता, भांडवल नव्हते. ज्या हातांना काम ठाऊक त्यांना अक्षर नाही, आणि ज्यांना अक्षर ठाऊक ते हत्याराला हात लावीत नाहीत, अशा फाळणीत नवा शोध जन्मणे कठीण आणि आलेला शोध पसरणे त्याहून कठीण.

या सर्वांची कसोटी पुन्हा पाण्यापाशीच लागली, आणि ती महाडलाच लागली. ज्या परिसरात दोन हजार वर्षे पाणी साठविण्याची विद्या नांदत होती तेथील चवदार तळे गावाच्या मध्यावर होते. तळ्यात पाणी होते, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना ते घेण्याची मुभा नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव संमत केला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागद दोन झाले. ओंजळभर पाणीही कोणाला मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेतील हजारो प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमधील दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले, सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. तोवर काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून मनाई मिळविली होती. तळ्यावर न जाता २५ डिसेंबरला त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले.

दावा पुढे दहा वर्षे चालला. वादींचे म्हणणे असे की, तळ्यावर आमचाच अधिकार ही अनादिकाळापासूनची रूढी आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने आपल्या निकालात नमूद केले.